कार्बोनिफेरस वनस्पतींच्या जीवाश्मांचा बॉक्स: दगड अस्सल, लेबलांवर मात्र जाऊ नका

ऑनलाइन मागवला होता, पाच दगड आणि एक न फोडलेला गोटा, 3,400 रुपये, नागपूरला यायला 11 दिवस लागले. पॅकिंग एक नंबर. शेलचा दगड पापुद्रे सुटून तुटतो, पण ह्यांनी प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळून थर्माकोलच्या खाचेत बसवला होता, एक टवका उडाला नाही.

बाहेरून मागवायचं कारण म्हणजे हा माल आपल्याकडे मिळतच नाही. कामठी-सिलेवाडा भागात मिळतं ते ग्लॉसोप्टेरिस, जिभेसारखं पान, मधोमध जाड शीर आणि बाजूला शिरांची जाळी, रेव्हरंड हिस्लॉप ह्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हीच पानं इथून गोळा केली होती. पण ते पर्मियन काळातलं, नंतरचं. कार्बोनिफेरस म्हणजे साधारण 35.9 ते 29.9 कोटी वर्षांपूर्वीचा काळ, तेव्हा युरोप-अमेरिकेचा भाग विषुववृत्ताजवळ होता, तिथं दलदलीची घनदाट जंगलं, आणि आपली जमीन पार दक्षिणेला, त्या काळाच्या शेवटी शेवटी तर हिमनद्या होत्या इथं. त्यामुळे आपल्या उमरेडच्या कोळशात लेपिडोडेंड्रॉन, म्हणजे त्या दलदलीतलं उंच झाड, शोधून काही उपयोग नाही.

बॉक्समधला सगळ्यात भारी तुकडा तोच, लेपिडोडेंड्रॉनची साल, तळहाताएवढी. माझी भाची बघताच म्हणाली, "मामा, हे तं सापाची कात दिसून राहिली." शंकरपाळ्यासारखे चौकोन तिरप्या ओळींनी चढत जातात, प्रत्येक चौकोनात पान गळल्याचा छोटा वण आणि त्या वणात तीन बारीक ठिपके, मधला शिरेचा, बाजूचे दोन हवेच्या वाटांचे. बर्डीवरून आणलेल्या 10 एक्स भिंगानं ते स्पष्ट दिसतात, फक्त उजेड वरून नको, मोबाईलचा टॉर्च दगडाच्या कडेला आडवा ठेवा, एकदम उठून येतं सगळं. कॅलामाइट्स ह्या दुसऱ्या दलदलीतल्या झाडाच्या खोडाचा तुकडाही छान आहे, बांबूसारखी पेरं, आणि पेराशी उभ्या रेघा जराशा सरकून वरच्या रेघांच्या मध्ये बसतात. बाकीचे ठीक.

आता लेबलं. एका फर्नसारख्या पानावर न्यूरोप्टेरिस लिहिलंय, मला पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं. खात्री झाली ती गोट्यामुळे. गोटा मेझन क्रीकचा, अमेरिकेतल्या इलिनॉयमधला, सिडेराइट ह्या लोहखनिजाचा, तो हातोडीनं फोडायचा नाही, पाण्यात भिजवायचा, रात्रभर फ्रीजरला ठेवायचा, सकाळी काढायचा, परत तेच. आई रोज विचारायची, "काऊन रे, हा गोटा किती दिवस ठेवून राहिला माझ्या फ्रीजरात?" नवव्या सकाळी आपोआप दोन फाकी झाल्या आणि आत एकच लांबट पर्णिका, बुडाशी गोल होत निमुळती, देठाला जेमतेम एका बिंदूत चिकटलेली असणार अशी. हे खरं न्यूरोप्टेरिस. लेबलवाल्या तुकड्यातल्या पर्णिका मात्र देठाला पूर्ण रुंदीनं चिकटल्यात आणि बूड खाली ओघळून पुढच्या पर्णिकेला जोडलंय, म्हणजे ते अलेथोप्टेरिस. दोन्ही शेजारी ठेवून भाचीला दाखवलं, तिला अर्ध्या मिनिटात कळलं, मग विकणाऱ्याला कसं कळू नये? नाव चुकलं तर भिंग घेऊन आपण दुरुस्त करू शकतो हो, पण गोटा सोडून बाकी सगळ्यांवर ठिकाणाच्या जागी नुसतं "अमेरिका" लिहिलंय, कुठली खाण, कुठला थर, काही नाही. ते दगडाकडे बघून कोणालाच सांगता येणार नाही, आणि अभ्यासासाठी नावापेक्षा तेच जास्त लागतं.

पाचपैकी साडेतीन स्टार. शिकायला, मुलांना हातात द्यायला जरूर घ्या, ओल्या कपड्यानं पुसू नका, कोरडा मऊ ब्रश पुरे. ठिकाणांची माहिती मागणारा मेल मी विक्रेत्याला टाकलाय, उत्तर आलं की इथंच लिहितो.