दहा दिवसांचं सर्व्हे ट्रेनिंग आणि माझे गेलेले १७,५०० रुपये

मोठं आहे, पण पीएचडी करणाऱ्यांनी आणि विशेषतः सीएचबीवाल्यांनी वाचाच, कारण असली पोस्टरं परत फिरायला लागलीयेत.

मी सोलापूरची. समाजशास्त्र शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास झाला तर पैसे आणि मे महिन्यात ठणठण गोपाळ. पीएचडी विडी कामगार बायकांवर चालूय. तर २०२३ च्या एप्रिलमध्ये स्कॉलर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर आलं, 'राष्ट्रीय स्तरावरील सर्व्हे रिसर्च व डेटा मॅनेजमेंट कार्यशाळा', पुण्यात, सात दिवस हॉलमध्ये आणि तीन दिवस फील्ड. खाली पाच तज्ज्ञांचे फोटो, एका कोपऱ्यात अशोकस्तंभासारखं काहीतरी, दुसऱ्या कोपऱ्यात एमएसएमई नोंदणीकृत असं लिहिलेलं. आता ती एमएसएमईची, म्हणजे लघुउद्योगाची, उद्यम नोंदणी कुणीही घरबसल्या फुकटात करतं हे मला नंतर कळलं. शेजारच्या पापडवाल्या काकूंकडेही आहे. फी ९,५००, आज रात्री बारापर्यंतच, मग १४,०००. मी पावणेबाराला भरली. नवरा म्हणाला सुद्धा, एवढी घाई कशाला लावतायत, पण मला वाटलं याला काय कळतंय.

हॉल म्हणजे एका लॉजचा तळमजला. आम्ही चाळीस जण, नांदेड, बीड, जळगाव, कुठून कुठून आलेले. पाचातला एकही फोटोवाला तज्ज्ञ आला नाही, रोज काहीतरी कारण, आणि सगळं एकच सर शिकवायचे, जे पोस्टरवर 'समन्वयक' होते. दुसऱ्या दिवशी किटचे २,५००. किट म्हणजे एक बॅग, एक पॅड आणि एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरची कॉपी, जी लॅपटॉपला घातल्यावर अँटीव्हायरसनं बोंब मारली तर सर म्हणाले अँटीव्हायरस बंद करा. त्याच कामाचं आर फुकट मिळतं, पीएसपीपी फुकट मिळतं, हे चाळीस जणांत एकालाही माहीत नव्हतं किंवा माहीत असून कुणी बोललं नाही.

शिकवलं काय? सॅम्पल किती घ्यायचं तर ३८४. कुठलाही विषय असो, ३८४. आता हा आकडा हवेतला नाही, ९५ टक्के खात्री, ५ टक्के चूक आणि उत्तर निम्मं-निम्मं पडेल असं धरलं की गणितात ३८४ येतो, पण तो साध्या यादृच्छिक निवडीसाठी. मी जर एकाच वस्तीतल्या चार गल्ल्या धरून घरं घेतली तर शेजारणी शेजारणीसारख्याच असतात, तिथं डिझाइन इफेक्ट, म्हणजे या सारखेपणाची भरपाई, धरावा लागतो आणि सॅम्पल वाढतं. हे मला गाइड मॅडमनी नंतर दहा मिनिटांत सांगितलं. सरांकडे त्यापेक्षा भारी आयटम होता. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७ च्या खाली आला तर काय करायचं? तर एक्सेलमध्ये ज्यांची उत्तरं 'बिघडवतात' त्या ओळी डिलीट करायच्या. प्रोजेक्टरवर करून दाखवलं आणि अल्फा ०.५८ वरून ०.८१ झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या.

चौथ्या दिवशी 'डेटा बँक', ३,००० रुपये. पेन ड्राइव्हमध्ये देशभरच्या मोठ्या सर्व्हेंचा डेटा: एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण), एनएसएसच्या (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) फाइली, आयएचडीएस (मानव विकास सर्वेक्षण). सर म्हणाले हा डेटा बाहेर मिळत नाही, आमची वर ओळख आहे. अहो, एनएफएचएस-५ चा डेटा तेव्हा डीएचएस या आंतरराष्ट्रीय सर्व्हे प्रोग्रॅमच्या वेबसाइटवर नाव आणि अभ्यासाचा विषय लिहून अर्ज केला की एक रुपया न देता मिळायचा, एनएसएसचा सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर फुकट आहे, आणि उलट त्या अर्जात अटच असते की ही फाइल दुसऱ्याला द्यायची नाही. म्हणजे फुकटातली वस्तू, तीही द्यायला मनाई असलेली, आम्ही विकत घेतली. एनएफएचएस-५ हा ६,३६,६९९ घरांचा सर्व्हे आहे, आणि सरांनी थेट सरासरी काढून दाखवली. कुणीतरी वेटचं विचारलं तर म्हणाले ते वेटबिट सोडा, व्हायवात, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेत, कुणी विचारत नाही. ते वेट म्हणजे कुणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते सांगणारा व्ही००५ नावाचा कॉलम, त्याला दहा लाखांनी भागायचं असतं, ते नाही लावलं तर राज्याचा आकडा भलताच येऊ शकतो. शेवटी 'यूजीसी केअर जर्नलमध्ये पेपर'चे, म्हणजे यूजीसीच्या यादीतल्या जर्नलमध्ये पेपर छापून देण्याचे, २,५००. तो पेपर आजतागायत आला नाही.

इथपर्यंत मी पैशावर पाणी सोडलंही असतं. झाले १७,५००, फसलो, गप्प बसलो, अशा फसवणुकी आपल्याकडं पायलीला पन्नास. पण ते तीन दिवसांचं फील्ड राहिलं.

फील्ड आपापल्या गावात करायचं होतं. प्रत्येकाला ६० फॉर्म, त्यांच्याच ॲपवर, पूर्ण भरले तरच सर्टिफिकेट. मला तर बरंच वाटलं, माझ्या ओळखीच्या बायका आहेतच. कुंभारीच्या विडी घरकुलात गेले. दहा हजार घरांची वसाहत आहे ती, दारात सूप मांडीवर घेऊन बायका बसलेल्या असतात, पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, बोलता बोलता चालूच. मी दोन वर्षं जातेय तिथं, मला चहा मिळतो. सुरुवातीचे प्रश्न नेहमीचेच, घरात माणसं किती, हजार विड्यांना मजुरी किती मिळते. मग आलं, सोनं आहे का, गटाचं कर्ज आहे का, हप्ता किती, कुठल्या वाराला, घरात कमावता मुलगा आहे का, आणि शेवटी पूर्ण नाव, मोबाइल नंबर. नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकायचाच नाही. मला खटकलं. पण सर्टिफिकेट हवं होतं. एका अक्कानं विचारलं, हे सरकारचं आहे का? मी म्हणाले अभ्यासाचं आहे, कुणाला देणार नाही. हे वाक्य माझं आहे, सरांचं नाही.

साधारण दोन महिन्यांनी तीच अक्का रस्त्यात भेटली. 'मॅडम, तुमच्या त्या मोबाइलात लिहून घेतल्यापासून फोन यायलेत की ओ. माझा हप्ता किती हे त्याला कसं ठाऊक?' जुना गट बंद करून मोठं लोन देतो म्हणत होते. तिच्या शेजारणीनं प्रोसेसिंग फी म्हणून १,२०० भरले आणि तो नंबर बंद झाला. मी आधी म्हणाले नंबर काय, कुठूनही जातात. पण मग ती म्हणाली, तो माझं आडनाव पण चुकीचं घेतोय, आणि कसं घेतोय ते बोलून दाखवलं. ती चूक माझी होती. घाईत टाइप करताना मीच एक अक्षर गाळलं होतं.

चाळीस जण, प्रत्येकी ६०, म्हणजे २,४०० घरं झाली, आणि आम्ही फुकट नाही, वर पैसे देऊन गोळा करून दिली. खऱ्या सर्व्हेत उलटं असतं हो. एनएफएचएसच्या फाइलीत नाव नसतंच, आणि डीएचएस सर्व्हेंमध्ये जिथं नकाशावरचे बिंदू देतात तिथं वस्तीची जागासुद्धा मुद्दाम सरकवून देतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत आणि खेड्यात साधारण पाचपर्यंत, कुणाला घर ओळखता येऊ नये म्हणून. आणि मी दारात उभं राहून हप्त्याचा वार लिहून घेतला. फॉर्ममध्ये नाव आणि नंबर उत्तरांच्या त्याच पानावर असेल, संमतीचं वाक्य नसेल, आणि डेटा कुठं साठतोय हे सांगणारं कुणी नसेल तर तिथंच उठा, सर्टिफिकेट गेलं खड्ड्यात. त्या सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड आज उघडतपण नाही आणि विद्यापीठानं ते मोजलंही नाही.

तक्रार केली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला तर ते म्हणाले पैसे गेल्या गेल्या करायला पाहिजे होता, तरी शेजारणीच्या १,२०० ची नोंद घेतली. फीसाठी ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पोलिसांनी विचारलं, फॉर्म तुम्हीच भरले ना? हो म्हणाले. सरांचा नंबर लागत नाही आणि लॉजवाल्याकडं त्यांचीच उधारी आहे.

माझ्या खऱ्या पीएचडीचे फॉर्म बाकी होते, घरकुलात परत जावंच लागलं. चार दारांवर 'आत्ता वेळ नाही' ऐकलं. अक्का बस म्हणाली नाही, पण तिनं हाकललंही नाही. मी कागद पुढं केला, बघ, यात नावाची जागाच नाही, नुसता नंबर १ ते ३००. ती वळत राहिली. मग सूप बाजूला ठेवलं, आतून पोराची वही आणि पेन आणलं आणि म्हणाली, 'आधी तुमचं लिहा. नाव, घर कुठं, नवरा काय करतो, नंबर.' मी लिहिलं. तिनं तिथंच नंबर लावून बघितला, माझ्या पर्समध्ये वाजला, तेव्हा म्हणाली, हं, विचारा.