मुरुमांवर घरचा लेप की मेडिकलमधली ट्यूब? कशावर काय लावावं

स्वयंपाकघरातली हळद लावावी की मेडिकलमधून ट्यूब आणावी हा वाद घरोघरी चालतो, आणि त्यात चेहऱ्यावर नेमकं काय आलं आहे ते पाहायचं राहून जातं. मुरूम एकाच प्रकारचे नसतात. नाकावर, हनुवटीवर हाताला खरखरीत लागणारे काळे-पांढरे ठिपके म्हणजे तेल आणि मृत पेशींनी बुजलेली रोमरंध्रं. काळ्या ठिपक्यातला काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे कितीही घासलं तरी तो जात नाही. लाल, दुखऱ्या, पू धरलेल्या पुटकुळ्यांमध्ये अशाच बुजलेल्या रंध्रात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढलेले असतात आणि भोवती सूज आलेली असते. आत खोलवर बोटाला लागणाऱ्या गाठी हा तिसरा प्रकार. मुरूम बसल्यावर मागे राहिलेले सपाट तपकिरी डाग हा चौथा. या प्रत्येकाला वेगळी वस्तू लागते, म्हणून इथे एकेका कामासाठी घरात काय आहे आणि दुकानात काय आहे, ते शेजारी शेजारी ठेवलं आहे.

‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल’ ही विभागणी तशीही फार टिकत नाही. डागांवर वापरलं जाणारं अझेलेइक आम्ल गव्हात आणि बार्लीत असतं. ठिपक्यांवर चालणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाचा इतिहास विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडांच्या, सालीपर्यंत जातो. गंधक तर जमिनीतूनच निघतं. खरा फरक मात्रेत आहे. ट्यूबवर 2.5 टक्के छापलेलं असलं की आत किती औषध आहे ते कळतं. कडुनिंबाच्या वाटणात उपयोगी द्रव्य किती, हे झाड, पानांचं वय आणि वाटणाऱ्याचा हात यांवर ठरतं.

लाल, दुखऱ्या पुटकुळ्या: कडुनिंब-हळद, टी ट्री तेल, बेन्झॉइल पेरॉक्साइड

कडुनिंब आणि हळद दोन्ही प्रयोगशाळेत जिवाणूंना रोखतात, हे खरं आहे. अडचण पुढे येते. हळदीतलं कर्क्युमिन त्वचेत फारसं शिरत नाही, आणि मुरूम तर पृष्ठभागाच्या खाली असतो. लेप वरच राहतो, चेहरा दोन दिवस पिवळा दिसतो. बाजारातल्या सुट्या हळदीत रंगाची भेसळ असली तर तीही चेहऱ्यावर जाते. लावायचीच असेल तर घरी दळलेली, चिमूटभर, दह्यात किंवा पाण्यात कालवून दहा मिनिटं, आणि फुटलेल्या पुटकुळीवर नाही. कडुनिंबाची पानं वाटून लावली की काहींना आग होते. पानं उकळून गाळलेल्या, थंड झालेल्या पाण्याने चेहरा धुणं त्यामानाने सौम्य, पण ते पाणी त्याच दिवशी संपवावं. जायफळ किंवा वेखंड सहाणेवर उगाळून लावण्याची पद्धत जुनी आहे. दोन्ही तिखट द्रव्यं असल्याने नाजूक त्वचेवर त्यांचा चट्टा उठू शकतो, म्हणून मनगटाच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून पाहिल्याशिवाय चेहऱ्याकडे नेऊ नयेत.

वनस्पतीजन्य उपायांत सगळ्यात भक्कम आधार टी ट्री तेलाचा, म्हणजे टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून काढलेल्या तेलाचा, आहे. ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर झालेल्या आणि 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 5 टक्के टी ट्री जेल आणि 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड समोरासमोर ठेवले गेले. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि जळजळ कमी झाली. यातला ‘5 टक्के’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाटलीतलं शुद्ध तेल थेट लावणं ही सर्रास होणारी चूक आहे, त्याने त्वचा भाजल्यासारखी होते. चहाच्या चमच्यात, म्हणजे 5 मिलीमध्ये, सुमारे 100 थेंब मावतात. चमचाभर साध्या, सुगंध नसलेल्या जेलमध्ये 5 थेंब घातले की 5 टक्क्यांच्या आसपास मात्रा येते. तेल आणि जेल वेगळे होतात, म्हणून दर वेळी ढवळून घ्यावं आणि मिश्रण आठवड्यापुरतंच करावं. खोबरेल तेलात मिसळू नये, कारण खोबरेल स्वतःच रंध्रं बुजवतं. जुनं, हवा लागलेलं टी ट्री तेल ॲलर्जी आणतं. बाटली घट्ट बंद करून अंधारात आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे. इतका खटाटोप नको असेल तर मात्रा छापलेलं तयार जेल घेणं बरं.

बेन्झॉइल पेरॉक्साइड या कामात सगळ्यांच्या पुढे आहे, आणि आमचं मतही स्पष्टपणे त्याच्या बाजूचं आहे. ते रंध्रात ऑक्सिजन सोडून जिवाणू मारतं. अँटिबायोटिकला जिवाणू सरावतात, तसे याला सरावत नाहीत. 2.5, 5 आणि 10 टक्के अशा मात्रा असतात. लाल पुटकुळ्यांवर 2.5 टक्के जवळपास 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्वचा कमी सोलते. तरीही ‘जोरदार हवं’ म्हणून मोठा आकडा मागितला जातो, मग आठवड्यात चेहरा लाल होऊन ट्यूब कपाटात पडते. औषध चालत नाही अशी समजूत यातूनच होते.

लावायची रीत अशी. रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा. ओल्या त्वचेवर जळजळ वाढते. वाटाण्याएवढं जेल संपूर्ण चेहऱ्याला पुरतं. फक्त पुटकुळीवर ठिपका देऊ नका, जिथे जिथे मुरूम येतात तो सगळा भाग पातळ झाका, कारण आज न दिसणारी बुजलेली रंध्रंच काही आठवड्यांनी पुटकुळ्या होणार असतात. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांची खाच सोडा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा. तेही झेपत नसेल तर दहा मिनिटांनी धुऊन टाका आणि वेळ हळूहळू वाढवा. वरून तेलविरहित मॉइश्चरायझर लावाच. थोडे पापुद्रे निघणं अपेक्षित आहे. सूज, खाज किंवा पुरळ आलं तर ती ॲलर्जी, तिथेच थांबा. हे औषध कपड्यांचा रंग उडवतं, म्हणून उशीला पांढरा अभ्रा आणि पुसायला पांढरा पंचा वापरा. उष्णतेने ते विघटित होऊन त्यातून बेंझीन हे घातक रसायन तयार होऊ शकतं, त्यामुळे ट्यूब स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हाच्या खिडकीत नको. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर घरातली सगळ्यात थंड जागा तिच्यासाठी पाहावी.

फरक चार ते सहा आठवड्यांत दिसू लागतो, पूर्ण अंदाज बाराव्या आठवड्याला येतो.

बेन्झॉइल अजिबात सोसत नसेल त्यांच्यासाठी गंधक हा जुना, सौम्य पर्याय आहे. 3 ते 10 टक्क्यांची क्रीमं किंवा साबण मिळतात. वास येतो आणि त्वचा कोरडी पडते, एवढंच.

काळे-पांढरे ठिपके: मुलतानी माती की सॅलिसिलिक आम्ल

मुलतानी माती वरचं तेल शोषते आणि तासाभरापुरता चेहरा मोकळा वाटतो. रंध्राच्या आतला बूच मात्र ती काढत नाही. आठवड्यातून एकदा, दोन चमचे माती गुलाबपाण्यात कालवून लावायला हरकत नाही, पण ओलसर असतानाच धुवा. तडे जाईपर्यंत ठेवली की त्वचेतलं पाणीही जातं. डाळीच्या पिठाचं उटणं दिवाळीला छान, मुरमांच्या चेहऱ्यावर रोज चोळणं वाईट, कारण घर्षणाने सूज वाढते.

सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रात उतरून बूच सैल करतं. 0.5 ते 2 टक्के ही बिनचिठ्ठीची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी, नेहमीची मात्रा. फेसवॉशमध्ये ते लगेच वाहून जातं, त्यामुळे फेस मिनिटभर तरी चेहऱ्यावर राहू द्यावा. त्वचेवर ठेवायचं 2 टक्क्यांचं जेल जास्त उपयोगी, आठवड्यातून तीन रात्रींपासून सुरुवात करून. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हे वर्ज्य.

ठिपके खूपच असतील तर अडापलीन 0.1 टक्के जेल याहून वरचढ. रंध्र बुजण्याची क्रियाच ते रोखतं. अमेरिकेत 2016 पासून ते बिनचिठ्ठी मिळतं. इथे मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. पहिले दोन-चार आठवडे मुरूम वाढल्यासारखे वाटतात आणि बहुतेक जण नेमके तिथेच सोडून देतात. गरोदरपणी, किंवा मूल होऊ देण्याचा विचार असताना, ते वापरत नाहीत.

डाग: लिंबू की अझेलेइक आम्ल

या जोडीत तुलना करण्यासारखं फारसं काही नाही, लिंबू चेहऱ्याला लावूच नये. त्याचा रस तीव्र आम्ल आहे, आणि त्यातली काही द्रव्यं ऊन लागल्यावर त्वचा पोळवतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पोळलेली प्रत्येक जागा काळी पडते, म्हणजे डाग घालवायला जाऊन डाग वाढतो. टोमॅटो-बटाट्याच्या फोडी निरुपद्रवी, उपयोगही तेवढाच.

अझेलेइक आम्ल, 10 टक्के साधं आणि 15-20 टक्के औषधी, मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतं, आणि गरोदरपणातही चालतं असं मानलं जातं. लावल्यावर दहा-वीस मिनिटं मुंग्या आल्यासारखं चुरचुरतं, ते पुढे कमी होतं. तीन महिन्यांचा धीर हवा. रोज सकाळी सनस्क्रीन नसेल तर हे पैसे वाया जातात. खड्डे मात्र कोणत्याही क्रीमने भरत नाहीत, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावं लागतं.

कोरफड डाग घालवत नाही, पण औषधाने कोरड्या झालेल्या त्वचेला ती आराम देते. पात कापल्यावर गळणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, त्वचा चिडवतो तोच.

दोन्हीकडे जे टाळायचं

स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून खाण्याचा सोडा, टूथपेस्ट आणि पाणी न घातलेलं व्हिनेगर बाद. मेडिकलमधून बाद करायची वस्तू याहून घातक आहे: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं असलेली क्रीमं, आणि ‘गोरेपणा व मुरूम दोन्हींवर’ म्हणून दिली जाणारी मिश्रणं. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, लाली जाते. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात आणि थांबवल्याबरोबर मुरूम दुपटीने उसळतात. 2018 मध्ये 14 स्टेरॉइडांची अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आलं, तरी ती मागितल्यावर हातात पडतात. ट्यूबवरच्या घटकांत ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारं नाव दिसलं तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. क्लिंडामायसिनचं जेल एकटंच महिनोन्‌महिने लावणंही चूक. जिवाणू त्याला सरावतात, म्हणून ते बेन्झॉइलच्या जोडीने आणि ठरावीक मुदतीतच वापरतात.

कुणी काय घ्यावं

तेलकट त्वचा आणि लाल पुटकुळ्या: रात्री बेन्झॉइल 2.5 टक्के, बाकी फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. नुसते ठिपके: सॅलिसिलिक 2 टक्के. डाग जास्त, मुरूम कमी: अझेलेइक. त्वचा पटकन चिडणारी असेल किंवा औषधाची भीतीच वाटत असेल तर 5 टक्के टी ट्री जेल, दुप्पट धीर धरून. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करा. सगळं एकत्र लावलं की काय सोसलं नाही तेच कळत नाही.

कपाळाच्या केसांच्या कडेलाच मुरूम असतील तर आधी डोक्याचं तेल बघा. चंपी करायची तर धुण्याआधी तासभर, रात्रभर नाही. जिममध्ये व्हे प्रोटीन सुरू केल्यावर मुरूम वाढले असतील तर महिनाभर ते बंद करून पाहा. आणि कपाळ, छाती, पाठीवर एकाच आकाराचे, खाजणारे बारीक दाणे आले असतील, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, तर ते बहुधा मुरूम नसून यीस्टची लागण असते. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं, अँटिबायोटिकने ते वाढतं.

खोल गाठी, खड्डे पडू लागणं, बारा आठवडे नीट लावूनही फरक नसणं, किंवा अनियमित पाळीसोबत हनुवटीवर मुरूम आणि जाड केस येणं, यांपैकी काहीही असेल तर घरचा उपाय आणि ट्यूब दोन्ही बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा. गाठींना पोटातून औषध लागतं. ते जितकं उशिरा सुरू होईल तितके खड्डे वाढतात. पाळीच्या तक्रारीत स्त्रीरोगतज्ज्ञांचीही तपासणी करून घ्या. तोवर पुटकुळी फोडू नका. दुखत असेल तर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला बर्फ पाच मिनिटं धरा.