लसूणघास की बरसीम?

वर्षभर हिरवा चारा हवा असेल, तर माझं मत सरळ लसूणघासाला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा वाण एकदा पेरला की तीन वर्षं टिकतो. पहिली कापणी ५५-६० दिवसांनी, पुढच्या दर २५-३० दिवसांनी. मूळ खोल जातं, त्यामुळे उन्हाळ्यातही पाणी दिलं की फुटवा येतो. प्रथिनं साधारण २० टक्के. मात्र निचरा हवाच. पाणी साचणाऱ्या रानात हे पीक मरतं, आणि अमरवेल हे परजीवी तण शिरलं तर तेवढा भाग मुळासकट काढावा लागतो.

बरसीम फक्त रब्बीचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, ४५-५० दिवसांत विळा लावा. चार-पाच कापण्या होतात, पण ऊन तापलं की संपतं. चारा लुसलुशीत, जनावरं आवडीनं खातात. भारी, ओलसर जमिनीत मी बरसीमच निवडेन. बियाण्यात मिसळलेलं कासनी या तणाचं बी मिठाच्या पाण्यात तरंगतं, ते काढून टाकावं.

दोघांची जिवाणूखतं वेगळी असतात, दुकानात पिकाचं नाव सांगूनच घ्या. आणि नुसता हिरवा चारा घालू नका. पोटफुगीनं चांगली गाय हातची जाते. आधी कडबा, मग हे.