जुन्या सीडी-डीव्हीडींच्या याद्या आणि बाहेरून जोडायचा रायटर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉपला जोडलेला सीडी-डीव्हीडी रायटर बंद पडला तेव्हा यादी करण्यासाठी घातलेली, सीडी-डीव्हीडी मिळून २८७ वी, सीडी त्याच्या पोटात होती. ट्रेचे बटण दाबले की आतून नुसता ‘टक्’ असा आवाज येई आणि दिवा लुकलुकत राही. शेवटी जेमक्लिप सरळ करून पुढच्या बारीक छिद्रात खुपसली, तेव्हा कुठे सीडी सुखरूप बाहेर आली. रायटरने मात्र त्यानंतर एकही सीडी ओळखली नाही. खरेदीला नऊ महिने झाले होते आणि वॉरंटी वर्षाची होती, म्हणून मी निर्धास्तपणे बिल शोधले. ते सापडलेही, पण थर्मल कागदावरची अक्षरे उडून गेल्याने हातात आला तो कोरा पांढरा कागद. २००२ साली राइट केलेली सीडी आजही वाचता येते आणि गेल्या ऑगस्टमधले बिल वाचता येत नाही, हा विनोद सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कोणालाही कळला नाही. दुकानदाराने मोबाइल क्रमांकावरून बिल शोधून पुन्हा छापून दिले, तर सर्व्हिस सेंटरमधून उत्तर आले, “काकू, लेन्स वॉरंटीत येत नाही.” कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव त्या रायटरचा निम्माच आहे; उरलेला निम्मा त्याच्याकडून मी जे काम करून घेतले त्याचा आहे.

साताऱ्यात मी सोळा वर्षे डीटीपीचा व्यवसाय केला. पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, एक-दोन दिवाळी अंक आणि हौशी लेखकांची पुस्तके असे ते काम होते, आणि दर महिन्याअखेरीस सगळे काम सीडीवर उतरवून ठेवण्याची शिस्त मी कधी मोडली नाही. दुकान बंद करताना घरी आल्या त्या २१४ सीडी आणि ९८ डीव्हीडी. बहुतेकांवर मार्करने ‘बॅकअप’ एवढेच लिहिलेले आहे. अजूनही वर्षातून तीन-चार वेळा कोणाचा तरी फोन येतो, की पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची आहे, मजकूर आहे का. आणि मग माळ्यावरचे डबे उतरवून एकेक सीडी घालून पाहण्यात सबंध दुपार जाते. कोणत्या सीडीवर काय आहे हे सीडी न घालता कळावे, एवढ्यासाठी हा खटाटोप सुरू केला.

सुरुवातीला या कामासाठी मिळणारा एक विकतचा प्रोग्रॅम महिनाभर चाचणीपुरता वापरला. तो छान होता. चित्रांचे छोटे नमुने दाखवत होता, शोधही झटपट होत होता. पण त्याची किंमत डॉलरमध्ये होती, आणि ज्या कामातून आता दमडीही येत नाही त्यासाठी डॉलर मोजणे माझ्या स्वभावात बसले नाही. म्हणून मी विंडोजच्या काळ्या खिडकीतला (कमांड प्रॉम्प्टमधला) जुना ‘डीआयआर’ हा आदेश वापरायला घेतला. त्याला तिरकी रेघ (/) आणि ‘एस’ जोडला, की तो सीडीवरचे सगळे फोल्डर आणि त्यांतल्या फायली तारीख, वेळ आणि आकारासह ओळीने मांडतो. पुढे मोठेपणाची खूण (>) टाकून फाइलीचे नाव दिले, की ती यादी पडद्याऐवजी त्या फाइलीत उतरते. सीडीला मिनिटभरही लागत नाही. अशा सगळ्या याद्या लिबरऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक घेतल्या आणि बाजूच्या रकान्यात सीडीचा क्रमांक टाकला. आजवर १ लाख ९० हजारांच्या आसपास ओळी झाल्या आहेत आणि कॅल्कची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे, त्यामुळे जागेची चिंता नाही.

या आदेशाच्या दुसऱ्या ओळीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. यादीच्या पहिल्या ओळीत सीडीचे लेबल, म्हणजे राइट करताना तिला दिलेले नाव, येते, आणि ते सहसा निरुपयोगी असते: माझ्या ६० हून अधिक सीडींचे लेबल नुसते ‘न्यू’ आहे, कारण राइट करताना ते बदलण्याइतका वेळ कोणाला होता? विकतचा प्रोग्रॅम याच लेबलावर अडखळे आणि दर वेळी विचारी, की ‘न्यू’ आधीपासून आहे, बदलू का. एकदा मी घाईने ‘हो’ म्हटले आणि एका सीडीची यादी दुसरीने पुसून टाकली. डीआयआरच्या यादीत मात्र लेबलाच्या खाली सिरियल नंबर येतो, चार-चार चिन्हांच्या दोन गटांचा, जसे ‘७सी३ए-११डी०’. हा क्रमांक सीडी घातल्यावर तिच्या सुरुवातीच्या नोंदीवरून काढला जातो आणि त्या नोंदीत सीडी केव्हा तयार झाली त्याची वेळही असते, म्हणून एकाच लेबलाच्या साठ सीडींचे साठ वेगळे क्रमांक मिळाले. मला याचा जो आनंद झाला तो प्रमाणाबाहेर होता, हे मान्य आहे. मी प्रत्येक सीडीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर, जिथे माहिती नसते तिथे, बारीक मार्करने तो क्रमांक लिहू लागले. एकीची हुबेहूब प्रत काढलेली असेल तर दोन्हींचा क्रमांक एकच येतो, हेही लक्षात आले. एक संच दुकानात आणि एक घरी ठेवण्याच्या सवयीमुळे अशा अकरा जोड्या निघाल्या. त्यांतली एकेक सीडी बाजूला काढून मी ऑक्टोबरमध्ये गॅलरीत दोरीला बांधली, कबुतरांना बुजगावणे म्हणून.

दुसऱ्या महिन्यात मी या आदेशावर चांगलीच चिडले होते. २००८ नंतर काही फायलींची नावे मी देवनागरीत देऊ लागले होते, आणि यादीत त्यांच्या जागी ‘????? ???’ अशी प्रश्नचिन्हे उतरत होती. पडद्यावर फोल्डर उघडला तर नाव स्वच्छ दिसे. यादीत मात्र एकजात प्रश्नचिन्हे. ‘फुकटचे ते पौष्टिक’ म्हणणाऱ्यांपैकी मी असले, तरी त्या आठवड्यात विकतचा प्रोग्रॅम घेऊनच टाकावा असे वाटू लागले होते. उपाय निघाला तो एका अक्षराचा: काळी खिडकी ‘सीएमडी’ अशी नुसती न उघडता पुढे तिरकी रेघ आणि ‘यू’ लिहून उघडली, की यादी युनिकोडमध्ये उतरते आणि कॅल्कमध्ये घेताना यूटीएफ-१६ हा युनिकोडचा प्रकार निवडला की नावे जशीच्या तशी दिसतात. सदतीस सीडी पुन्हा घालाव्या लागल्या. तेव्हापासून माझी तक्रार मागे घेतली आहे.

नावांच्या बाबतीत उरलेला दोष सर्वस्वी माझा आहे. ‘पत्रिका’ या रोमन अक्षरांतल्या नावाच्या, शेवटी ‘सीडीआर’ असलेल्या कोरलड्रॉच्या फायली शोधल्या तर शेकड्यांनी निघाल्या, आणि त्यांत लग्नपत्रिका कोणती, त्रैमासिक कोणते आणि ज्योतिषीबुवांचा छापील नमुना कोणता, हे नावावरून कळण्याची सोय नाही. ‘फायनल’, ‘फायनल२’ आणि ‘खरेफायनल’ यांचा तर वेगळाच वंशवृक्ष होईल. शिवाय २००५ च्या सुमारास आमच्या संगणकातला घड्याळाचा सेल संपला होता आणि तो बदलायचे मी महिनोन्महिने टाळले, त्यामुळे त्या काळातली कित्येक कामे १ जानेवारी २००२ या एकाच दिवशी झाल्याचे यादी सांगते. तिथे आकाराचा रकाना उपयोगी पडतो, कारण पेजमेकरची पुस्तकाची ‘पी६५’ फाइल आणि दोन पानांचे हस्तपत्रक यांच्या आकारात अंतर असतेच. फाइल सापडली तरी श्रीलिपीचा तोच फाँट बसवल्याशिवाय आतला मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या कडबोळ्यासारखा दिसतो, पण तो प्रश्न यादीचा नव्हे.

ज्यांनी सीडी बंद न करता (म्हणजे पुढे राइट करायची सोय ठेवून) तिच्यावर थोडे थोडे राइट केले असेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. नवे सेशन, म्हणजे एका वेळचा भाग, राइट करताना आधीचे जोडून घ्यायचे राहिले असेल तर विंडोज फक्त शेवटचे सेशन दाखवते आणि यादीतही तेवढेच येते. हे ओळखायला संगणक लागत नाही. सीडी उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, की राइट झालेला भाग वेगळ्या छटेचा दिसतो आणि दोन सेशनांच्या मध्ये केसाएवढे कडे दिसते. एका निळसर सीडीवर मला तशी तीन कडी दिसली आणि राइट झालेला भाग जवळजवळ काठापर्यंत गेलेला होता, तर यादीच्या शेवटची बेरीज होती जेमतेम ४० एमबी. उरलेले २००३ चे सगळे अहवाल आयसोबस्टर या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर दिसले. तेव्हापासून प्रत्येक सीडी घालण्याआधी मी ती उजेडाला धरते.

चौथ्या महिन्यात मात्र या साऱ्या उद्योगाविषयीचे माझे मत बदलले. एका पतसंस्थेने रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुना अहवाल मागितला. यादीत तो अर्ध्या मिनिटात सापडला, डब्यातून सीडी काढायला दोन मिनिटे लागली, आणि फाइल उतरवताना निम्म्यावर ‘सायक्लिक रिडन्डन्सी’ची, म्हणजे माहिती नीट वाचता न आल्याची, चूक येऊन सगळे थांबले. यादी करताना रायटर वाचतो ती केवळ नावांची नोंद, आणि ती साधारणपणे आतल्या कड्याजवळ असते. सीडी आतून बाहेर राइट होत जाते आणि खराबी बहुधा काठाकडून येते. म्हणजे यादी उत्तम उतरली याचा अर्थ फायली शाबूत आहेत असा मुळीच नाही, आणि तोवर मी शंभराहून अधिक सीडींवर ‘झाले’ अशी टिकली मारून बसले होते. मुलाला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, “अगं आई, सरळ सगळं हार्ड डिस्कवर कॉपी कर ना! याद्या कसल्या करत बसलीयेस?” हिशेब केला तर २१४ सीडी ७०० एमबीच्या आणि ९८ डीव्हीडी ४.७ जीबीच्या धरून, सगळ्या काठोकाठ भरलेल्या मानल्या तरी ६११ जीबीच्या आतच बसतात. म्हणजे १ टीबीच्या एका डिस्कमध्ये माझी सोळा वर्षे मावून वर जागा उरते. तो बरोबर होता, आणि मला ते आवडले नाही. आता मी यादीही करते आणि सगळ्या फायलीही उतरवते. उतरवताना जी सीडी अडते तिच्या क्रमांकापुढे लाल खूण येते. लाल खुणा आजपर्यंत २३ झाल्या आहेत.

त्या २३ मधल्या नऊ सीडींवर मी स्वतः हौसेने गोल कागदी स्टिकर लावले होते. सीडीतला चकचकीत थर वरच्या छापील बाजूला, पातळ लाखेच्या खाली असतो. खालचे प्लास्टिक जाड आणि वरची बाजू नाजूक, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पावसाळ्यांनी सुटलेला एक स्टिकर अलगद उचलला तर त्याच्याबरोबर चांदीचे पापुद्रे निघून आले आणि सीडी खिडकीसमोर धरली तेव्हा तिच्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसली. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे स्टिकर लावलेल्या डीव्हीडी बचावल्या. कोणाच्या सीडींवर असे स्टिकर असतील तर ते काढण्याच्या भानगडीत पडू नये.

रायटरविषयी आता थोडक्यात. तो हलका होता, आवाज कमी करत होता. पण त्याची वीतभर केबल त्याच्या पोटाखालच्या खाचेतच कायमची बसवलेली होती, त्यामुळे तो लॅपटॉपला चिकटूनच ठेवावा लागे आणि डीव्हीडीच्या वेळी वीज कमी पडून मध्येच तुटे. तो गेल्यावर नवा घेण्याऐवजी मी दुकानातल्या जुन्या संगणकाच्या आतला मोठा, साटा जोडणीचा रायटर काढला आणि १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेला यूएसबी जोड ५५० रुपयांना आणला. दिसायला तो ओबडधोबड आहे, ट्रे बाहेर येताना खाटकन आवाज करतो, पण लाल खुणांच्या सहा सीडी त्याने एका झटक्यात वाचल्या. हे आधी सुचले असते तर पहिल्या रायटरचे पैसे वाचले असते.

त्याच आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांना २००४ चे पुस्तक पुन्हा काढायचे होते. यादीने सीडी दाखवली, ती स्टिकरवाली निघाली आणि मोठ्या रायटरनेही हात टेकले. क्रमांक पाहिला तर तो अकरा जोड्यांपैकी होता, म्हणजे तिची जुळी बहीण गॅलरीत दोरीवर होती. सात महिन्यांची धूळ आणि कबुतरांची शिट कोमट पाण्याने धुतली, मऊ कापडाने मधून काठाकडे पुसली आणि घातली. पडद्यावर तोच सिरियल नंबर उमटला. गॅलरी उत्तरेची आहे, ऊन थेट येत नाही, त्याचा फायदा झाला असावा: ४१२ फायलींपैकी ३७४ उतरल्या, ३८ फोटो गेले, पुस्तकाची ‘पी६५’ फाइल पूर्ण मिळाली. उरलेल्या दहाही सीडी मी त्याच संध्याकाळी दोरीवरून उतरवल्या. कबुतरे तशीही त्यांना भीत नव्हती.