लुआ ५.४ची एरर हँडलिंग आणि डीबगची फंक्शन्स: आंब्याच्या सीझनभर वापरल्यानंतर

आंब्याचा अख्खा सीझन काढला, आता पाऊस लागल्यावर जरा निवांत लिहितोय. देवगडच्या एका पॅकहाउसचा बिलिंग प्रोग्राम सीमध्ये आहे आणि त्यात लुआ ५.४ ही छोटी स्क्रिप्टिंग भाषा बसवलीय. पेटीचा दर, भाडं, हमाली, पुठ्ठा हे सगळे नियम लुआच्या फायलीत, कारण मार्केटचे दर सारखे हलतात आणि हिशेबनीस काका ती फाईल स्वतः उघडून आकडे बदलतात, दर वेळी प्रोग्राम कंपाइल करत बसायला एप्रिलमध्ये वेळ कोणाला आहे. मग कधी ना कधी काहीतरी चुकणारच, आणि तेव्हा इंटरप्रिटर काय सांगतो यावर गाडी वेळेत सुटणार की नाही ते ठरतं.

लुआत ट्राय-कॅच, म्हणजे एरर पकडायची इतर भाषांतली रचना, नाहीच. पीकॉलला (pcall, संरक्षित कॉल) फंक्शन द्यायचं, नीट चाललं तर ट्रू आणि उत्तरं, नाहीतर फॉल्स आणि एरर. नवीन माणसाला हे फार तुटपुंजं वाटतं. पण खरी ताकद एक्सपीकॉलमध्ये (xpcall) आहे, कारण त्याला दिलेला हँडलर, म्हणजे एरर आल्यावर चालायचं फंक्शन, स्टॅक (चालू कॉल्सची साखळी) उलगडायच्या आधी चालतो. पीकॉल परत येतो तोवर कोणी कोणाला बोलावलं होतं ते सगळं गेलेलं असतं, हातात फक्त मेसेज उरतो. हँडलरमध्ये मात्र डीबग डॉट ट्रेसबॅक पूर्ण साखळी देतं, आणि डीबग डॉट गेटलोकल वापरून त्या क्षणाला लोकल व्हेरिएबल्समध्ये काय होतं तेही वाचता येतं. मी हँडलरमधून बागायतदाराचा कोड, पेटी किती डझनाची आणि पेट्यांची संख्या लॉगमध्ये टाकतो, त्यामुळे तीच एंट्री परत चालवून बघता येते.

एक गोष्ट फारच आवडली. व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालत नाही, पण टेबलची (लुआतला नाव आणि किंमत जोडून ठेवायचा साठा) की, म्हणजे नाव, स्ट्रिंग असल्यामुळे मराठीत देता येते, आणि एरर मेसेजमध्ये ती तशीच येते. रात्री गाडी भरत असताना स्क्रीनवर फाईलचं नाव, ओळ आणि पुढे “अटेम्प्ट टू परफॉर्म अरिथमेटिक ऑन अ निल व्हॅल्यू, फील्ड भाडं” एवढं आलं. काकांनी इंग्रजी सोडून फक्त भाडं वाचलं, “अरे, भाडा घालूचा रवला” म्हणाले आणि स्वतःच आकडा टाकून मोकळे झाले, मला फोनही नाही.

तसंच एरर फंक्शनचा दुसरा आर्ग्युमेंट, लेव्हल. काही दिला नाही तर जिथे एरर टाकला ती ओळ दिसते, म्हणजे माझ्या तपासणीच्या फंक्शनमधली, जिचा काकांना काडीचा उपयोग नाही. लेव्हल २ दिला की ज्याने ते फंक्शन बोलावलं त्याची ओळ येते, म्हणजे नियमांच्या फायलीतली. तपासणीचं फंक्शन लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे वापरावंच.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एरर म्हणून टेबल टाकता येतो, कोड आणि तपशील वेगळे ठेवायला छान, पण त्याला ओळ नंबर आपोआप चिकटत नाही. शिवाय डीबग डॉट ट्रेसबॅक थेट हँडलर म्हणून दिलं तर ते टेबलला हातही न लावता जसाच्या तसा परत देतं, ट्रेस मिळतच नाही, म्हणून हँडलर आपला आपण लिहायचा आणि टेबलला टूस्ट्रिंगचा मेटामेथड (टेबल मजकूर म्हणून कसा दिसावा ते ठरवणारं फंक्शन) द्यायचा. रिटर्नमध्ये थेट दुसरं फंक्शन बोलावलं असेल तर तो टेल कॉल होतो आणि मधली पायरी ट्रेसमधून गायब, तिथे नुसतं टेल कॉल्स असं लिहून येतं. डीबग डॉट डीबग, म्हणजे मध्येच थांबून ओळी टाइप करून बघायची सोय, तर मी सोडूनच दिलं, ओळी टाइप करता येतात पण फंक्शनचे लोकल्स तिथून थेट दिसत नाहीत, आणि ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची जागा) हवा तर सेटहुकवर, म्हणजे चालता चालता मध्ये आपलं फंक्शन बोलावून घ्यायच्या सोयीवर, स्वतः रचायचा. ओळीओळीला लावलेला हुक बिलं काढताना चांगलाच जाणवतो. काउंट हुक (ठरावीक सूचना झाल्या की चालणारा) मात्र कायमचा ठेवलाय, न संपणारं लूप आलं तर तो एरर टाकून थांबवतो. फक्त नियमाच्या फायलीत पीकॉल द्यायचा नाही, नाहीतर तोच एरर आतल्या आत गिळला जातो.

सीच्या बाजूने बसवणाऱ्यांनी हे नीट वाचा. सीमध्ये कंपाइल केलेलं लुआ एररसाठी लाँगजंप (सीमधली थेट मागच्या जागी उडी) वापरतं, म्हणजे तुमच्या सी फंक्शनमधून एरर उडाला की पुढच्या ओळी चालतच नाहीत, मॅलॉकने मागून घेतलेली मेमरी आणि उघडलेली फाईल तशीच राहते. असं जे काही आहे ते युझरडेटात (लुआच्या ताब्यातला सीचा डेटा) ठेवून जीसी मेटामेथडवर, म्हणजे लुआ कचरा साफ करताना चालणाऱ्या फंक्शनवर, सोडायचं, ५.४मध्ये ब्लॉक संपताच आवरून घेणाऱ्या क्लोजचीही सोय आहे. आणि लुआला सीमधून नेहमी संरक्षित कॉलनेच बोलवा, नाहीतर न पकडलेला एरर पॅनिक फंक्शनपर्यंत जातो आणि अख्खा प्रोग्राम बंद. भर सीझनमध्ये, अंगणात पेट्यांची थप्पी लागलेली असताना, हे परवडत नाही.

सगळं तयार हवं असेल, ब्रेकपॉइंटवर क्लिक करून थांबायची सवय असेल तर नुसत्या लुआवर तुमचं भागणार नाही. मी पुढच्या सीझनलाही हेच ठेवतोय, फक्त गणपतीच्या आत तो हँडलर वेगळ्या फायलीत काढून घ्यायचाय म्हणजे मासळीच्या हिशेबाच्या प्रोग्रामलाही तोच लावता येईल.