पावकी-दिडकीचं उजळणी पुस्तक घ्याच, पण नाण्या-वजनांची कोष्टकं नाहीत ह्यात

अप्पा बळवंत चौकात मुलीसाठी वह्या घेताना हे दिसलं. तीसपर्यंतचे पाढे काय सगळ्याच पुस्तकांत असतात पण ह्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि चक्क औटकीसुद्धा, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन पटीचे पाढे आहेत म्हणून लगेच घेऊन टाकलं. टाइप मोठा आहे, बोट ठेवून वाचता येतं. कागद मात्र फारच पातळ, आणि सात औटकी साडेतेवीस छापलंय, ते साडेचोवीस पाहिजे, पाढ्याच्या पुस्तकात असली चूक खरंच नको होती.

पण मला जास्त खटकलं ते हे की नाण्यांचं आणि वजनांचं कोष्टक कुठेच दिलेलं नाही. अहो हे पाढे मुळात दुकानदारीचे! रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, हे माहीत असेल तरच पावकी कशाला लागायची ते कळतं. चार आण्याला एक अशा सतरा वस्तू दिल्या की सतरा पावकी सव्वाचार, म्हणजे सव्वाचार रुपये, आणि वहीत ४। असं लिहून मोकळं, चारपुढची उभी रेघ म्हणजे पाव रुपया. आणि सगळ्यात भारी हिशोब मणाचा, जितके रुपये मण तितके आणे अडीच शेर. गूळ चौदा रुपये मण असेल तर अडीच शेराचे चौदा आणे, सव्वा शेराचे सात आणे, पाच शेराचे पावणेदोन रुपये, कागद-पेन्सिल लागतच नाही, कारण चाळीसला सोळाने भागलं की अडीचच येतात. दुकानात तोंडी असा हिशोब व्हायचा आणि मग तो रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत चढायचा, तिथून ज्याच्या त्याच्या नावावर खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलो आले, तेव्हा आताच्या मुलांना हे आपोआप कळेल अशी अपेक्षाच चूक आहे. प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत एक पान वाढवावंच. मी तोवर कव्हरच्या आतल्या बाजूला दोन्ही कोष्टकं पेनाने लिहून दिलीत, आता मुलगी गुळाचा भाव बदलून बदलून मलाच विचारते. चार स्टार, एक औटकीसाठी कापला.