कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखते: कमी करावी, बदलावी की सोडावी?

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन जातीची ॲटॉर्वास्टॅटिन ही गोळी सुरू झाल्यावर मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांशी बोलताना चार पर्याय समोर असतात: तीच गोळी कमी मात्रेत घेणे, रोसुवास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनवर जाणे, थोड्या स्टॅटिनला एझेटिमाइब या वेगळ्या गोळीची जोड देणे, किंवा स्टॅटिन सोडून वेगळ्या जातीचे औषध घेणे. गोळी परस्पर बंद करणे हा पर्यायच नव्हे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते.

मात्र निवड करण्याआधी दुखणे खरोखर गोळीचे आहे का हे पाहावे, आणि कोकणात ते अधिक बारकाईने पाहावे लागते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून कंबर-मांड्या कोणाच्याही भरून येतात, पण ते दुखणे विश्रांतीने ओसरते. स्टॅटिनचे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे, मांड्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत असते आणि गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत जाणवू लागते. पोटऱ्यांना हात लावू देत नाही, सोबत थंडी-ताप आणि लाल डोळे आहेत, तर आधी लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) विचार व्हावा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. या आजारात यकृताचे आणि स्नायूंचे रिपोर्टही बिघडतात, त्यामुळे दोष चुकून गोळीवर जाऊ शकतो. थायरॉइड मंदावला असेल तरी असेच दुखते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सॅमसन या चाचणीत स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या गोळीवरही जाणवला होता. रुग्णांचे दुखणे खोटे नव्हते, त्याचे कारण वेगळे होते. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र गोळी थांबवून तातडीने सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्यावी.

ॲटॉर्वास्टॅटिन यकृतातील ज्या विकराने (एन्झाइमने) मोडते, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि ग्रेपफ्रूट हे फळ अडवतात, आणि मग औषध रक्तात साचते. ग्रेपफ्रूटचा जवळचा नातेवाईक असलेले परसातले पपनसही म्हणूनच रोज खाऊ नये. रोसुवास्टॅटिनला ही अडचण फारशी नाही. ते मिलिग्रॅममागे अधिक प्रभावी आहे, पण मूत्रपिंडे बरीच दुबळी असतील तर त्याची मात्रा मर्यादित ठेवावी लागते, आणि ॲसिडिटीचे पातळ औषध त्यानंतर दोन तासांनी घ्यावे. रक्तातील साखर थोडी वाढण्याची शक्यता दोन्हींत आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी साखर तपासत राहावे, पण गोळी सोडू नये.

माझा कल तिसऱ्या पर्यायाकडे, म्हणजे थोडे स्टॅटिन आणि जोडीला एझेटिमाइब याकडे आहे. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जेमतेम ६ टक्के अधिक उतरते, तर एझेटिमाइबच्या १० मिलिग्रॅमने ते सुमारे २० टक्के उतरते, कारण ही गोळी आतड्यातच कोलेस्टेरॉल शोषले जाणे रोखते. तिचा त्रास म्हणजे कोणाला कधी जुलाब, कधी पोटदुखी. कोरियातील रेसिंग या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ साली आले, एकीकडे रोसुवास्टॅटिन १० अधिक एझेटिमाइब आणि दुसरीकडे एकटे रोसुवास्टॅटिन २० अशी तुलना होती. हृदयाचे रक्षण जवळपास सारखे झाले, पण न सोसल्यामुळे औषध थांबवण्याची किंवा मात्रा घटवण्याची वेळ जोडगोळीवर ४.८ टक्के रुग्णांवर आली, तर एकट्या गोळीवर ८.२ टक्के.

कोणतेच स्टॅटिन सोसत नसेल तेव्हा बेम्पेडोइक ॲसिड ही वेगळ्या जातीची गोळी उपयोगी पडते, कारण ते यकृतात सक्रिय होते, स्नायूंत होत नाही. त्याने युरिक ॲसिड वाढते, म्हणून ज्यांना गाउट (युरिक ॲसिड साचून होणारी सांधेदुखी) आहे आणि ताटात तारली नेहमीची आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे. दर दोन आठवड्यांनी घ्यायचे इव्होलोक्युमॅब हे इंजेक्शन एलडीएल सुमारे ६० टक्के उतरवते आणि टोचल्या जागी लाली येण्यापलीकडे सहसा त्रास देत नाही, पण खर्च मोठा आहे.

डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टॅटिन दोन ते चार आठवडे थांबवून, दुखणे गेले का हे पाहून, कमी मात्रेत पुन्हा सुरू करता येते. दुखणे कधी सुरू झाले, त्या दिवशी काय काम केले आणि दुसरे कोणते औषध चालू होते, हे वहीत लिहून ठेवावे आणि तपासणीला जाताना ती वही न्यावी.